न बुडालेल्या बोटीची बातमी

सयामा दॉ न्युन यी यांच्याइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. दाराची कडी त्या तीनदा लावून बघायच्या. रस्त्यात जीप थांबल्याचा आवाज आला की बोलता बोलता गप्प व्हायच्या, आणि जीप पुढे गेली की "हं, कुठं होतो आपण?" म्हणून पुन्हा सुरू. छतावरून पाल पडली तरी हातातला खडू सुटायचा. सयामा म्हणजे शिकवणाऱ्या बाई; त्यांच्या वर्गात आम्ही आठजण होतो आणि आठहीजण त्यांच्या पाठीमागे हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

आणि एवढी भित्री बाई आम्हाला शिकवायची काय, तर बातम्यांचं इंग्रजी. हेडलाइन, कॉलम, एडिटर, डेडलाइन, आयविटनेस, सोर्स. रोज दहा शब्द. तेव्हा कॉलेजं बंद होती. यांगूनमध्ये पोरं रस्त्यावर उतरली म्हणून सरकारनं देशभरातल्या कॉलेजांना कुलपं ठोकली होती, आणि आम्ही एकोणीस-वीस वर्षांची धडधाकट माणसं मौलमीनमध्ये घरी बसून माश्या मारत होतो. ज्याला जमेल तो इंग्रजी शिकून सिंगापूरला नाहीतर बँकॉकला पळायच्या बेतात. मीही त्यातलीच. दुसऱ्या शिकवण्यांत पत्र कसं लिहावं, मुलाखत कशी द्यावी हे शिकवायचे. सयामा मात्र बातमीच शिकवायच्या, कारण त्यांना येत होतं ते तेच.

त्यांचे वडील इथल्या एका इंग्रजी पेपरात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून ओळीत बसवायचं काम. तो पेपर सरकारनं कधीच बंद केला होता आणि वडीलही गेले होते. मागे राहिली होती ती खिळे जुळवायची लोखंडी पट्टी. सयामा फळ्यावरचे शब्द त्या पट्टीनं दाखवायच्या. त्या वीतभर लोखंडाला हात लागला की बाईंचा आवाज बदलायचा. वडील म्हणायचे असं, वडील म्हणायचे तसं. त्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण दर शनिवारी तो वर्गात येऊन बसल्यासारखा वाटायचा.

दर शनिवारी प्रत्येकानं एक खोटी बातमी लिहून आणायची, असा नियम होता. बाकीचेही नियम होते, आणि ते सयामा इतक्या वेळा सांगायच्या की आम्ही त्यांची नक्कल करायचो. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, दुसरी कोरी ठेवायची, कारण छापखान्यात मजकूर तसाच द्यायचा असतो. वर आपलं नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरात 'एक्सरसाइज'. आणि बातमी कधीही आपल्या देशातली नसायची. ती ब्लूलँड नावाच्या देशातली. हा देश सयामांनीच काढला होता. ब्लूलँडमध्ये आम्ही दोन वर्षांत सात पूर आणले, तीन बाजार जाळले. एकदा कोणीतरी तिथल्या राजाला गादीवरून खाली ओढलं, तेव्हा सयामांचा चेहरा पांढरा पडला. "पूर, आग, अपघात," त्या म्हणाल्या. "राजाबिजा नको. आणि खिडकी लावून घ्या."

सोर्स हा शब्द शिकवला तो दिवस मला लख्ख आठवतो. बातमी ज्या माणसाकडून मिळते तो सोर्स. बातमीदार बाकी काही सांगेल, पण त्याचं नाव सांगणार नाही, आत टाकलं तरी नाही, असं वडील सांगायचे म्हणे. मला खोड्या काढायची सवय.

मी विचारलं, "सयामा, तुम्ही असता तर?"

सगळे खाली माना घालून हसायला लागले. सयामांना राग आला नाही. त्यांनी खरंच विचार केला. "मी? मला विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकीन," त्या म्हणाल्या. "माझ्यासारख्या माणसानं बातमीदार होऊ नये."

त्यांना एवढी भीती का होती ते मला आईनं नंतर सांगितलं. सयामा पूर्वी सरकारी शाळेत शिकवायच्या. अठ्ठ्याऐंशी साली शाळेसमोरून सरकारविरोधी मोर्चा गेला तेव्हा त्या फाटकात उभ्या राहून बघत होत्या. मोर्चात नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. कोणीतरी ते लिहून घेतलं आणि चार महिन्यांनी नोकरी गेली. बघितल्याबद्दल. ज्या बाईची भाकरी नुसतं बघण्यानं गेली, तिनं कडी तीनदा लावून पाहिली तर काय चुकलं? पण एकोणिसाव्या वर्षी असलं काही सुचत नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

मला ब्लूलँडचा कंटाळा आला होता. तिथं कोणीही मेलं तरी मला काही वाटायचं नाही, आणि लिहिणाऱ्याला काही वाटलं नाही तर बातमी कसली? म्हणून एका शनिवारी मी आमची नदी घेतली. आमची साल्वीन, आमची दुमजली फेरीबोट, पलीकडच्या मोत्तमाच्या धक्क्यावरून शुक्रवारी दुपारी दोनला सुटणारी. ती मी नदीच्या मधोमध उलटी केली. प्रत्यक्षदर्शी घातले, आधी वरच्या मजल्यावरचे लोक पाण्यात पडले असं त्यांच्या तोंडून वदवलं. मृतांचा आकडा कळलेला नाही असं लिहिलं. शेवटी एक ओळ टाकली: अधिकाऱ्यांनी काहीही बोलायला नकार दिला. ती ओळ लिहून मी स्वतःवरच खूश झाले.

सयामांनी कागद वाचला. मग लाल पेन्सिलीनं वरच्या बाजूला, माझ्या नावाशेजारी लिहिलं: फार छान इंग्रजी, दहापैकी नऊ, आपली नदी नको, हे जाळून टाक. कागद माझ्या हातात देताना तोंडानंही तेच सांगितलं. जाताना दारात पुन्हा सांगितलं. "ह्निन, घरी गेलीस की आधी चुलीत घाल."

मी जाळला नाही. मला आजवर सहाच्या वर मार्क मिळाले नव्हते. नऊ मार्क चुलीत घालायचे? कागद मी जुन्या वह्यांत सरकवून ठेवला आणि मधून मधून काढून बघायची.

पुढच्या गुरुवारी मी घरात नसताना आईनं जुन्या वह्यांचा गठ्ठा भजीवाल्या दॉ फ्वा शिनला देऊन टाकला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची गाडी असायची. दुधीची भजी आणि चिंचेचं पाणी. सयामांच्या वर्गातले कागद तिला फार आवडायचे. एक बाजू कोरी, म्हणजे शाई भज्याला लागत नाही. एक कागद आडवा फाडला की दोन पुड्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आई सकाळीच मोत्तमाला मावशीकडे गेली होती आणि दुपारच्या बोटीनं परतणार होती. मी साडेतीनच्या सुमाराला बाजारात दोरा घ्यायला गेले होते. दुकानदार रीळ मोजत होता, तेवढ्यात शेजारचं दुकान धाडकन बंद झालं. मग त्याच्या पलीकडचं. बायका धावत सुटल्या होत्या. मी एकीला विचारलं तर ती न थांबता म्हणाली, "फेरी उलटली. दोनची."

मी जी धावले ती धक्क्यापर्यंत. वाटेत चपलेचा पट्टा तुटला, ती तिथंच टाकली. मनात एकच होतं, आई नेहमी वरच्या मजल्यावर बसते. वारा लागतो म्हणून.

धक्क्यावर शेदीडशे माणसं होती आणि आणखी येत होती. आमच्याकडे तेव्हा पाचजण एकत्र उभे राहिले तरी गुन्हा होता. समोर नदी नेहमीसारखी पसरलेली, आणि बोटीचा पत्ता नाही. दोनची बोट तीनला लागायला हवी होती, आता चार वाजत आले होते. मी माझ्या शेजारच्या माणसाला विचारलं की बातमी कुठून आली.

"कागदात आलंय," तो म्हणाला. "इंग्रजीत."

"कुठल्या कागदात? सकाळच्या पेपरात तर काही नव्हतं."

"आपल्या पेपरात कधी येतं का? त्यात नाही, म्हणजेच खरं असणार," तो म्हणाला, आणि मला ते पटलं. आमच्या पेपरात कधी कोणी बुडालं नव्हतं. पूल बांधले जायचे, भात उदंड पिकायचं, फिती कापल्या जायच्या. वाईट बातमी तोंडोतोंडच यायची किंवा दूरच्या रेडिओवरून. त्यामुळे छापलेल्यापेक्षा हातानं लिहिलेलं आम्हाला जास्त खरं वाटायचं, आणि त्यात ते इंग्रजीत असलं तर मग विचारूच नका.

पुढे एक चष्मेवाला कारकून तेलकट कागद हातात धरून आमच्या भाषेत एकेक वाक्य सांगत होता. पाचव्या-सहाव्यांदा सांगत असावा, त्याचा घसा बसला होता. आधी वरच्या मजल्यावरचे लोक पाण्यात पडले, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. मी तिथंच बसले आणि रडायला लागले. खरं सांगते, मला ओळखू आलं नाही. ते वाक्य माझंच होतं, पण आमच्या भाषेत, त्या कारकुनाच्या बसलेल्या आवाजात, ते खुद्द काळाचं वाटलं. मग तो म्हणाला, "अधिकाऱ्यांनी काहीही बोलायला नकार दिला," आणि गर्दीतून संतापाचा एक हुंकार उठला. मी उठले, माणसं ढकलत पुढे गेले आणि कागदाकडे पाहिलं.

सयामांनी आम्हाला गिरवायला लावलेलं तिरकं अक्षर. प्रत्येक अक्षराच्या शेपटाला छोटी गाठ.

पहिल्यांदा मला आनंद झाला. आई जिवंत आहे, बोट बुडालेली नाही, ती मीच बुडवली होती. तो आनंद फार तर चार श्वास टिकला. मग मी खांबाला धरून उभी राहिले. कागदाचा खालचा अर्धा भाग त्याच्या हातात होता. वरच्या अर्ध्यावर माझं नाव होतं.

मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं की हे खोटं आहे. पण खोटं आहे हे तुला कसं माहीत, असं कोणीतरी विचारलंच असतं. म्हणून मी गप्प राहिले. माझ्यापासून दोन हातांवर एक म्हातारी चिखलात बसून नातवाला हाका मारत होती. तिला मी कानात सुद्धा सांगितलं नाही. एक तास ती हाका मारत होती आणि मी एक तास खांबाला धरून उभी होते. रेटारेटीत एक म्हातारा पायऱ्यांवरून पडला, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्याला चौघांनी उचलून नेलं तरी मी गप्पच. सयामांच्या भित्रेपणाची नक्कल करणारी मी, मला त्या दिवशी भीती म्हणजे काय ते कळलं. तोंडात थुंकी राहत नाही.

पाच वाजता बोट दिसली. ओहोटीत वाळूच्या दांड्यावर रुतून बसली होती, एवढंच. लोक हसायला लागले, रडायला लागले, उतरणाऱ्यांना मिठ्या मारायला लागले. आई पपनसांची टोपली डोक्यावर घेऊन उतरली आणि मला म्हणाली, "एवढी गर्दी कशाला? कोणी मंत्री येतोय का? आणि तुझी चप्पल कुठाय?"

तोवर दोन जीप धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

कारकुनानं घाबरून सांगितलं की कागद त्याला चहाच्या दुकानात जमिनीवर सापडला. भजीवालीचं नाव त्यानं काढलं नाही. ती बिचारी उगाच अडकेल असं त्याला वाटलं असेल, किंवा आपण अडकू असं. पण अक्षराला सोर्स लागत नाही. त्या वळणाचं इंग्रजी अक्षर मौलमीनमध्ये एकाच घरात शिकवलं जात होतं, आणि हे आमच्या वॉर्डाचे चेअरमन ऊ बा न्यार यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची पुतणीही आधी त्याच वर्गात होती.

शनिवारी सकाळी आम्हा आठजणांना वॉर्डाच्या कचेरीत बोलावलं. चेअरमन टेबलामागे बसले होते आणि कोपऱ्यात साध्या कपड्यातला एक माणूस, ज्याची ओळख कोणी करून दिली नाही आणि कोणी विचारलीही नाही. प्रत्येकाला कागद दिला आणि तीच वाक्यं लिहायला लावली. माझी लेखणी हातात घामानं घसरत होती. मनात म्हटलं, झालं. मग आठही कागद ओळीनं मांडले आणि मी पाहिलं, आठही सारखे होते. सयामांनी दोन वर्षं आमच्याकडून इतकं गिरवून घेतलं होतं की आमचं असं अक्षरच उरलं नव्हतं. साध्या कपड्यातल्या माणसानं भिंग लावून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"मग आठही घेऊन जाऊ," तो म्हणाला. आवाज चढवला सुद्धा नाही.

सयामा दाराशी बाकावर बसल्या होत्या. आमच्याकडे बायकाही लुंगी नेसतात; त्यांच्या लुंगीचा काठ हलताना मला दिसत होता. त्या उठल्या. उठताना बाक पडला, आणि त्या बाकाच्या आवाजाला स्वतःच दचकल्या.

"ते मी लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना नमुना दाखवायला. ह्यांचं अक्षर माझ्यासारखं आहे, कारण ते माझंच आहे. मूळ माझं."

"आणि वरचा भाग?" त्या माणसानं विचारलं. "हा फाडलेला आहे."

"वर काही नव्हतं," सयामा म्हणाल्या.

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यांना जीपमध्ये बसवलं. बसताना त्यांना पाय उचलता येईना, तेव्हा ऊ बा न्यारांनीच हात दिला. ते दुष्ट नव्हते. तेही घाबरलेलेच होते.

मी तिथून घरी गेले नाही. सरळ दॉ फ्वा शिनच्या गाडीवर गेले. वह्यांचा गठ्ठा तिला दिल्याचं आईकडून कळलं होतं. वरचा अर्धा कागद तिच्याकडेच असणार होता. त्यावर 'एक्सरसाइज' लिहिलेलं होतं, लाल पेन्सिलीचे शेरे होते, मार्क होते. तो कागद कचेरीत नेऊन ठेवला असता तर सयामा सुटल्या असत्या, निदान अफवा पसरवणारी बाई म्हणून तरी अडकल्या नसत्या. आणि त्याच कागदावर डाव्या कोपऱ्यात स्वच्छ अक्षरात माझं नाव होतं. मी नेमकं काय करायला निघाले होते ते मला माहीत नव्हतं. फक्त तो कागद दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

गाडीवर माझ्यापुढे एकच गिऱ्हाईक होतं. ऊ बा न्यार. सकाळभर एवढं मोठं काम करून त्यांना भूक लागली होती. दॉ फ्वा शिननं झारीनं भजी काढली, डाव्या हातानं गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला, आणि मला लाल अक्षरं दिसली. नऊ. त्याच्या शेजारी माझं नाव. कोरी बाजू आत, माझं नाव बाहेर.

"काका," मी म्हणाले. "मला आधी घेऊ द्याल का? आईला ताप आहे, तिला काहीतरी खाऊ घालून गोळी द्यायची आहे."

ऊ बा न्यार माझ्याकडे बघत राहिले. सकाळी त्यांनीच मला लिहायला कागद दिला होता. मग ते बाजूला झाले. "घे बाई. आज सगळ्यांचाच दिवस वाईट आहे," ते म्हणाले. "सांभाळून राहा. कोणात जास्त मिसळू नकोस."

दॉ फ्वा शिन पुडी माझ्या हातात देताना पुटपुटली, "काल तर तुझी आई बोटीवरून टुणटुणीत उतरली."

"रात्री चढला, मावशी."

चेअरमनांसाठी तिनं दुसरा कागद ओढला. कोणाची तरी गणितं होती त्यावर.

घरी येऊन मी भजी ताटात ओतली आणि कागद उलगडला. तेलानं पारदर्शक झाला होता, पण अक्षर न अक्षर वाचता येत होतं. हे जाळून टाक.

तीन दिवस तो माझ्या कमरेला होता, लुंगीच्या घडीत. तीन दिवस मी रोज सकाळी कचेरीकडे जायला निघाले. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या वडापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेले, पहारेकऱ्यानं काय पाहिजे विचारलं, मी म्हटलं काही नाही. तिसऱ्या दिवशी घराबाहेर पडले तेव्हा आईनं हाक मारून सांगितलं की वर्गातल्या दोघांची घरं तपासली, गाद्या फाडून बघितल्या. मी तशीच परत फिरले. चौथ्या दिवशी पहाटे आईच्या आधी उठले, चूल पेटवली आणि भाताच्या भांड्याखाली कागद सारला. तेल लागलेलं होतं, एका क्षणात गेला. त्या आगीवर शिजलेला भात आम्ही खाल्ला. मला उलटी झाली नाही, काही झालं नाही. पोटभर जेवले मी, आणि त्याचीच मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

सयामा एकवीस दिवसांनी आल्या. मोठ्या शिक्षेच्या लायकीचं प्रकरण नाही असं वरून कोणीतरी ठरवलं होतं. वर्ग बंद करायचा, पुन्हा कोणाला शिकवायचं नाही, दर पंधरा दिवसांनी कचेरीत सही करायची, एवढं कबूल करून घेतलं. त्या आल्यावर चौथ्या दिवशी मी गेले. जाण्याआधी मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं.

दार सताड उघडं होतं. कडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. केस पार पांढरे झाले होते, आणि चहाचा पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागत होता. भिंतीवरचा फळा काढलेला. लोखंडी पट्टी दिसेना. मी विचारलं तर म्हणाल्या, झडतीत नेली, हत्यार म्हणून लिहून घेतली. एवढंच. मग आम्ही चहा प्यायलो.

"सयामा, तो वरचा अर्धा कागद..." मी सुरुवात केली.

त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. चेहऱ्यावर एवढी भीती आली की मला वाटलं दाराबाहेर जीप येऊन थांबली असावी. मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"कुठं आहे तो?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"जाळला."

त्यांनी डोळे मिटले. "तिथं दार उघडलं की मला वाटायचं, सापडला," त्या म्हणाल्या. "एकवीस दिवस रोज. मला मारलं नाही फारसं. उभं करायचे, आणि तेच तेच विचारायचे, वर काय होतं, वर कोणाचं नाव होतं. मी म्हणायची, काही नाही. आणि मनात म्हणायची, त्या पोरीनं जाळला असू दे. तेवढी एक भीती होती. बाकी भीती वाटायला जागाच उरली नव्हती."

मी सांगायला तोंड उघडलं. आधी जाळला नव्हता, म्हणूनच हे सगळं झालं. आणि नंतर जाळला तो तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तो तुम्हाला सोडवू शकला असता आणि तीन दिवस माझ्या कमरेला होता. सगळी वाक्यं तयार होती.

सयामांनी पेला खाली ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"दोन वर्षं घसा फोडून सांगत होते तुम्हाला, कोणी ऐकेल तर शपथ," त्या म्हणाल्या. "उशिरा का होईना, तू ऐकलंस. तू माझी गुणी पोर."

मी मान हलवली. त्यांनी आणखी चहा ओतला, तो मी प्यायले, आणि घरी आले.